निळसर कडेचे चामडे: क्रोमने कातडे कमावतात म्हणजे नेमके काय करतात?

जून २०२५ मध्ये मिलानमधील एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला दाखवल्या आणि महाराष्ट्रात कोल्हापुरीवरून मोठी चर्चा झाली. ती रचना कोणाची, श्रेय कोणाला आणि पैसा कोणाच्या हातात, हे प्रश्न रास्तच होते. त्या गदारोळात 'अस्सल कोल्हापुरी वेज टॅन असते, क्रोमची नसते' हे वाक्यही अनेकांच्या कानांवर पडले. पण वेज टॅन म्हणजे काय आणि क्रोम म्हणजे काय, हे मात्र फारसे कोणी समजावून सांगितले नाही. क्रोम म्हणजे रसायन, रसायन म्हणजे विष, आणि झाडाच्या सालीपासून बनलेले ते सगळे निर्मळ, एवढाच अर्थ बहुतेकांनी घेतला. हा अर्थ अर्धवट आहे, आणि त्यातून चुकीच्या गोष्टीची भीती वाटू लागते, तर खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होते. म्हणून मुळापासून सुरुवात करू.

हलगी, पाया आणि कच्चे कातडे

हलगी वाजवणारे कलाकार कार्यक्रमाआधी गवताचा किंवा कागदाचा जाळ करून हलगी शेकताना आपण पाहतो. कातड्याने हवेतला ओलावा पिऊन घेतला की ते सैल पडते आणि आवाज बसतो. शेकले की ओलावा उडतो, कातडे ताणले जाते आणि हलगी पुन्हा कडाडते. ओले झाले की लिबलिबीत आणि वाळले की कडक, हाच कच्च्या कातड्याचा स्वभाव आहे. ओले राहिले तर ते दोन दिवसांत कुजू लागते आणि वाळवले तर पापडासारखे ताठ होते. अशा कातड्याचा जोडा शिवता येणार नाही, हे उघड आहे.

दुसरा अनुभव स्वयंपाकघरातला. बोकडाचे पाये तासन्‌तास उकळले की रस्सा दाट होतो आणि बोटे एकमेकांना चिकटतात. हा चिकटपणा येतो कोलॅजेन नावाच्या प्रथिनापासून. कातडे मुख्यतः याच प्रथिनाचे बनलेले असते. कोलॅजेनचा प्रत्येक रेणू तीन पदरी सुतळीसारखा पिळलेला असतो. अशा असंख्य सुतळ्यांचे दोर आणि त्या दोरांचे जाळे म्हणजे कातडे. ओल्या कच्च्या कातड्याला साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअस उष्णता लागली की सुतळीचा पीळ सुटतो, कातडे आक्रसते, आणि आणखी शिजवले की त्याचे जिलेटिन, म्हणजे पायाच्या रश्शातला तो चिकट पदार्थ होते.

आता व्याख्या सोपी होते. कातडे कमावणे म्हणजे त्या सुतळ्या एकमेकींना अशा बांधून टाकणे की कातडे कुजणार नाही, वाळल्यावर कडकणार नाही आणि सहजी शिजणारही नाही. कमावण्याआधीचे ते कातडे आणि कमावल्यानंतरचे ते चामडे, असा भेद या लेखापुरता आपण पाळू.

टाके आणि खळ

कच्चा हिरडा चावला किंवा जांभळे जास्त खाल्ली की जीभ ओढल्यासारखी, कोरडी होते. त्या तुरटपणाला कारण असते टॅनिन, म्हणजे झाडांच्या साली-फळांतले एक द्रव्य, जे प्रथिनांना घट्ट चिकटते. लाळेतल्या प्रथिनांना ते चिकटले की तोंड कोरडे पडते. कातड्यातल्या कोलॅजेनला चिकटले की कातडे कमावले जाते. वेज टॅन म्हणतात ते यालाच. कोल्हापुरीच्या परंपरेत बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी वापरतात. कातडे पखालीसारखे शिवून टांगायचे, त्यात साल-हिरड्याचे पाणी भरायचे, ते झिरपून गेले की पुन्हा भरायचे, असे हे काम दिवसेंदिवस चालते. हे ज्ञान ज्या ढोर आणि चर्मकार समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले आणि त्यांनी कमावलेले चामडे मात्र पायांत, मोटेला, नाड्यांना आणि घोड्याच्या खोगिराला बिनदिक्कत वापरले, हे या विषयावर लिहिताना विसरता येत नाही.

टॅनिनचे रेणू आकाराने मोठे असतात आणि ते बरेच लागते. कापडाला खळ घातली की धाग्यांमधल्या जागा भरून कापड जाड आणि ताठ होते, तसे टॅनिन दोरांमधल्या जागा भरून काढते. म्हणून असे चामडे भरीव, वजनदार आणि आकार धरून ठेवणारे होते. कोल्हापुरीचा तळ पायाच्या ठशाप्रमाणे बसतो, तो यामुळेच.

क्रोमियम हे धातूचे मूलद्रव्य आहे आणि त्याची रीत निराळी आहे. त्याचे अगदी लहान पुंजके दोन सुतळ्यांच्या मध्ये जाऊन दोन्हींना पक्के जोडतात. गोधडीला जसे जागोजागी टाके घातले की थर सरकत नाहीत, पण गोधडी मऊच राहते, तसे हे टाके. तयार चामड्यात क्रोमचे प्रमाण ऑक्साइडच्या रूपात मोजले तर जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास भरते, पण टाके इतके पक्के असतात की चामडे उकळत्या पाण्यातही सहसा आक्रसत नाही. साल-हिरड्याचे ओले चामडे मात्र ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आक्रसू लागते. शाळेचा काळा बूट अख्खा पावसाळा भिजूनही बूटच राहतो आणि कोल्हापुरी दोन-चार वेळा चिंब भिजली की वेडीवाकडी होते, यातला मोठा फरक खळीचा आणि टाक्यांचा आहे.

ड्रममध्ये काय घडते

टॅनरीत, म्हणजे कातडे कमावण्याच्या कारखान्यात, पहिली ओळख होते ती वासाची आणि मग लाकडी ड्रमची. माणसापेक्षा उंच, आडवे ठेवलेले, संथपणे फिरणारे हे पिंप. आत कातडी, पाणी आणि द्रव्ये. खारवून आलेले कातडे आधी भिजवून धुतात. मग चुना आणि सोडियम सल्फाइड यांच्या पाण्यात त्याचे केस सोडवतात, आतल्या बाजूचे मांस-चरबी यंत्राने खरवडतात, मग चुना धुऊन काढतात. त्यानंतर येते ती पायरी, जिच्यात क्रोमची खरी करामत आहे.

गुलाबजाम करताना पाक फार घट्ट असला तर वरचा थर गोड होतो आणि आतला गोळा कोरडा राहतो, हे घरोघरी ठाऊक आहे. क्रोमचेही तसेच आहे. ते कातड्याच्या पृष्ठभागालाच घट्ट बसले तर आत पोहोचत नाही. म्हणून आधी मीठ आणि गंधकाम्ल यांच्या पाण्यात कातडे चांगले आंबट करून घेतात. कारखान्यात या पायरीला पिकल म्हणतात, आणि लोणच्याशी तिचे खरेच साम्य आहे. आंबट स्थितीत क्रोम कोलॅजेनला घट्ट चिकटत नाही, त्यामुळे ते सहज आतपर्यंत झिरपते. मग खाण्याच्या सोड्यासारखे सौम्य अल्क थोडे थोडे सोडून आंबटपणा कमी करत नेला की आत पोहोचलेले क्रोम जागच्या जागी घट्ट बसते. घाई करून सोडा एकदम ओतला तर चामड्यावर हिरवट डाग पडतात आणि वरची कांती खरखरीत होते. १०० किलो कातड्यामागे ६ ते ८ किलो क्रोमची हिरवी पावडर, म्हणजे बेसिक क्रोमियम सल्फेट, लागते आणि काम साधारण एका दिवसात उरकते. साल-हिरड्याला यासाठी आठवडे लागतात.

ड्रममधून बाहेर निघणारे चामडे फिकट निळे, थंड आणि ओल्या जाड कापडासारखे लोंबणारे असते. बाजारात त्याला वेट ब्लू म्हणतात आणि जगभर त्याचा याच नावाने, याच अवस्थेत व्यापार चालतो. तो निळेपणा वरून दिलेला नसतो, क्रोमचाच असतो. क्रोमियम हे नावच रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा रंगही क्रोमियममुळेच येतो. पुढे हे चामडे पिळतात, जाडीप्रमाणे चिरतात, तासतात, रंगवतात, त्यात तेल मुरवतात आणि वाळवून वरची कांती देतात. तेल मुरवण्याच्या पायरीकडे लक्ष ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

ही युक्ती आली कुठून

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिड्रिख क्नाप याने १८५८ मध्ये क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे नोंदवले होते, पण धंद्यात ते उतरले नाही. १८८४ मध्ये न्यू यॉर्कच्या ऑगस्टस शुल्त्झ याने त्याचे पेटंट घेतले. बायकांच्या कॉर्सेटमधल्या पोलादी पट्ट्यांना गंज न चढवणारे चामडे हवे होते, त्या खटाटोपातून ही पद्धत निघाली. तिच्यात दोन टप्पे होते आणि ती किचकट होती. १८९३ मध्ये मार्टिन डेनिस याने एकाच टप्प्याची पद्धत आणली आणि पुढच्या काही दशकांत जगाचा बूट-बाजार पालटला. आज जगातले ८० टक्क्यांहून अधिक चामडे क्रोमने कमावलेले असते.

भारतात ही पद्धत रुजवण्याचा पहिला जोमदार प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्याने केला, आणि त्याने डोळ्यांसमोर ठेवलेल्या वस्तूंपैकी एक होती विहिरीवरची मोट. सतत पाण्यात बुडणारी, उन्हात वाळणारी, पुन्हा बुडणारी मोट क्रोमच्या चामड्याची केली तर जास्त टिकेल, हा विचार अगदी नेमका होता. १९४८ मध्ये मद्रासमध्येच केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली आणि आजही देशातले या विषयातले बरेचसे संशोधन तिथे चालते. आंबूर, राणीपेट, वाणियंबाडी ही तमिळनाडूतली गावे, गंगेकाठचे कानपूर आणि कोलकात्याजवळचे बंतला ही चामडे कमावण्याची आजची मोठी केंद्रे. धारावीत ज्या पर्स, पाकिटे आणि पट्टे शिवले जातात, त्यांचे चामडे बव्हंशी अशाच ठिकाणांहून तयार होऊन येते.

कोणत्या वस्तूला कोणते चामडे

जिथे मऊपणा, हलकेपणा, पक्का रंग आणि पाण्याला तोंड देण्याची ताकद हवी, तिथे क्रोम: बुटाचा वरचा भाग, जाकीट, हातमोजे, सोफा, पाकीट. वेल्डिंगवाल्याचे जाड हातमोजे क्रोमच्या चामड्याचे असतात, कारण ठिणगीच्या उष्णतेने ते चटकन आक्रसत नाही. जिथे ताठपणा आणि भरीवपणा हवा, तिथे साल-हिरडा: चामडी तळ, खोगीर, जाड पट्टा, कोल्हापुरी. क्रिकेटच्या चेंडूचे चामडे परंपरेने तुरटीने कमावतात. तबल्याचे आणि हलगीचे कातडे तर कमावतच नाहीत, कारण तिथे कातड्याचा ताठपणाच हवा असतो. अनेक बुटांत दोन्ही पद्धती एकत्र येतात. आधी क्रोम देऊन मग थोडे टॅनिन मुरवतात, म्हणजे मऊपणाही राहतो आणि अंगही भरते.

"पण क्रोमियममुळे कर्करोग होतो ना?"

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट द्यायला हवे. क्रोमियम निसर्गात आणि कारखान्यांत वेगवेगळ्या रूपांत असते. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या वाटीत ते धातुरूपात असते आणि म्हणूनच ती गंजत नाही. चामडे कमावायला वापरतात ते तीन-संयुजी क्रोमियम. त्याला आपण 'क्रोम-३' म्हणू. आणि ज्याची भीती बाळगायलाच हवी ते सहा-संयुजी, म्हणजे 'क्रोम-६'. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्रोम-६ला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. क्रोम-३ला मात्र तिसऱ्या गटात, म्हणजे कर्करोगाशी संबंध जोडण्याजोगा पुरावा नाही अशा गटात ठेवले आहे.

मूलद्रव्य एकच असताना एवढा फरक का पडतो? आपल्या पेशींना सल्फेट नावाचा क्षार लागतो आणि त्याला आत घेण्यासाठी पेशीच्या भिंतीत दारे असतात. क्रोम-६चा रेणू आकाराने हुबेहूब सल्फेटसारखा असतो. चुलत भावाला घरातला समजून आत घ्यावे, तसे पेशी त्याला आत घेते. आणि आत गेल्यावर त्याचे क्रोम-३मध्ये रूपांतर होताना पेशीतल्या जनुकीय धाग्याची नासधूस होते. क्रोम-३ बाहेरून आला तर त्याला हे दार सहसा उघडत नाही. शिवाय चामड्यात तो कोलॅजेनला घट्ट बांधलेला असतो.

म्हणून क्रोमच्या चामड्याचा बूट घातल्याने किंवा पाकीट खिशात ठेवल्याने कर्करोग होईल, ही भीती निराधार आहे. क्रोम-६चा कर्करोगाशी संबंध सिद्ध झाला आहे तो प्रामुख्याने क्रोमेट बनवणाऱ्या कारखान्यांत आणि धातूवर क्रोमचा मुलामा देण्याच्या कामात वर्षानुवर्षे त्याची धूळ किंवा वाफ श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत.

"मग काहींच्या पायांना पुरळ का येते?"

चामड्यातले क्रोम-३ काही परिस्थितींत अंशतः क्रोम-६ होऊ शकते. मघाशी सांगितलेली तेलाची पायरी इथे आठवा. माशाच्या तेलासारखी खवट होणारी तेले वापरली, चामडे फार तापवले, त्यातला आंबटपणा नको तितका घालवला किंवा उन्हात दीर्घकाळ ठेवले, तर तेलाच्या खवटपणाबरोबर थोडे क्रोम-६ तयार होते. प्रमाण अत्यल्प असते, पण ज्यांची त्वचा त्याला आधीच संवेदनशील झालेली असते त्यांना तेवढेही पुरते. युरोपीय संघाने म्हणूनच मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत क्रोम-६ किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे असे बंधन घातले.

याचा सर्वात जास्त जाच कोणाला होतो? गवंड्यांना. सिमेंटमध्येही अल्प प्रमाणात क्रोम-६ असते आणि ओल्या सिमेंटमध्ये उघड्या हातांनी वर्षे काढली की त्वचेला त्याचे वावडे जडते. एकदा ते जडले की आयुष्यभर राहते, आणि मग हाताला सिमेंट त्रास देते, तसा पायाला बूट आणि मनगटाला घड्याळाचा पट्टाही त्रास देतो. त्वचारोगतज्ज्ञ याची चाचणी करतात ती पाहण्यासारखी असते. पाठीवर लहान लहान चकत्या चिकटवतात, त्यांतल्या एकीत व्हॅसलीनमध्ये कालवलेले अर्धा टक्का पोटॅशियम डायक्रोमेट असते. दोन दिवसांनी चकत्या काढून पाहतात, मग आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, आणि त्या एका जागी लाल, खाजरा, किंचित उंचवटा आला असेल तर निदान पक्के होते. अशा माणसाने साल-हिरड्याचे चामडे, कापड किंवा रबर वापरावे हे उत्तम.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. क्रोमच्या चामड्यात थोडे वनस्पतिज टॅनिन मुरवले तर क्रोम-६ तयार होण्याला आळा बसतो, कारण टॅनिन तेलाला खवट होऊ देत नाही. ज्या दोन पद्धतींना आपण एकमेकींच्या विरोधात उभे करतो, त्यांतली एक दुसरीचा दोष झाकते.

खरा हिशेब सांडपाण्याचा

मग क्रोमच्या चामड्याचा खरा धोका कुठे आहे? तो ड्रममध्ये उरलेल्या पाण्यात आहे. जुन्या, प्रचलित पद्धतीत ड्रममध्ये टाकलेल्या क्रोमपैकी ६० ते ७० टक्केच चामड्यात बसते. उरलेले पाण्याबरोबर बाहेर पडते. या पाण्यात लिटरमागे दोन-तीन हजार मिलिग्रॅम क्रोमियम असू शकते, आणि आपल्या नियमांप्रमाणे नदीत सोडायच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. हजार पट फरक आहे हा. प्रक्रिया न करता सोडलेला एक ड्रम किती पाणी नासवू शकतो, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

याहून वाईट कचरा टॅनरीच्याही एक पायरी आधी तयार होतो. क्रोमची ती हिरवी पावडर बनवताना ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यासारख्या ठिकाणचे क्रोमाइट खनिज सोड्याबरोबर भट्टीत भाजतात. त्यातून आधी क्रोम-६ तयार होते, आणि मग साखर कारखान्यातल्या मळीने किंवा गंधकाच्या वायूने त्याचे क्रोम-३ करतात. भट्टीतल्या राखेत जे क्रोम-६ उरते ते पावसाच्या पाण्यात विरघळते. राणीपेटमध्ये १९९०च्या दशकात बंद पडलेल्या एका क्रोमेट कारखान्याच्या आवारात असा लाखभर टनांहून अधिक कचरा पडून राहिला आणि त्याचे पिवळे पाणी भूजलात झिरपत राहिले. कानपूरजवळच्या राणिया भागातही हीच कहाणी घडली. पिवळे पाणी हे क्रोम-६चे लक्षण आहे.

आणि तरीही टॅनरीच्या प्रदूषणाचे सगळे खापर क्रोमवर फोडणे बरोबर नाही. कातडे कारखान्यात येईपर्यंत कुजू नये म्हणून त्याला वजनाच्या तीस-चाळीस टक्के मीठ चोळलेले असते, ते सगळे पहिल्या धुण्यात पाण्यात जाते. तमिळनाडूतल्या पालार नदीच्या खोऱ्यात विहिरी मचूळ झाल्या आणि शेती बसली, त्यात मिठाचा वाटा फार मोठा आहे, आणि मीठ साध्या प्रक्रियेने पाण्यातून निघत नाही. केस सोडवायला वापरलेले सल्फाइड आम्लाशी मिसळले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. टाक्या आणि गटारे साफ करायला उतरलेली माणसे त्याने गुदमरून मरतात. ३१ जानेवारी २०१५ रोजी राणीपेटमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या गाळाच्या टाकीची भिंत फुटली आणि शेजारच्या टॅनरीत झोपलेले १० कामगार गाळाखाली मेले. ज्यांच्या हातांनी चामडे तयार होते त्यांचा जीव इतका स्वस्त असू नये, असे मला मनापासून वाटते, आणि क्रोम वाईट की साल चांगली या चर्चेत ही माणसे कुठेच नसतात याचा त्रास होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी याच पालार खोऱ्यातल्या वेल्लोरच्या नागरिकांनी केलेल्या याचिकेवर दिलेला निकाल याच टॅनऱ्यांबद्दल होता. प्रदूषण करणाऱ्यानेच नुकसानभरपाई द्यावी आणि धोका पूर्ण सिद्ध होण्याची वाट न पाहता काळजी घ्यावी, ही दोन तत्त्वे या देशाच्या कायद्याचा भाग आहेत, हे त्या निकालाने सांगितले. आज देशभर नदी-हवेच्या खटल्यांत हाच निकाल पुढे केला जातो. त्याच वेल्लोरसाठी जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सविस्तर आदेश द्यावा लागला, यातच अंमलबजावणीची अवस्था कळते.

उपाय अज्ञात नाहीत. ड्रममधले क्रोमचे पाणी वेगळ्या नाल्याने गोळा करायचे, त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड घालायचे, क्रोम साक्यासारखे तळाशी बसते, तो साका गंधकाम्लात विरघळवून पुन्हा ड्रममध्ये वापरायचा. यात क्रोमचा पैसाही वाचतो. पाणी न वापरता किंवा अगदी थोड्या पाण्यात क्रोम देण्याच्या पद्धती चेन्नईच्या संस्थेने विकसित केल्या आहेत, ज्यांत क्रोम जवळजवळ पूर्ण शोषले जाते. अडचण पडते ती वेगळा नाला बांधण्याच्या, तो रोज चालवण्याच्या आणि रात्री कोणी पाहत नसतानाही व्हॉल्व्ह बंद ठेवण्याच्या खर्चाची.

"मग क्रोम सोडून सगळे हिरड्याकडेच का वळत नाहीत?"

कोल्हापुरीचे प्रेम असणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न मोह घालतो. पण हिशेब केला तर तो सुटत नाही. टॅनिन वजनाने खूप लागते, म्हणजे तितकी साल, तितका हिरडा आणि तितकी झाडे हवीत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करून विकतात. त्यांना चांगला भाव मिळावा हे योग्यच, पण जगभरच्या बुटांना पुरेल इतका हिरडा सह्याद्रीत नाही. टॅनिनचे तपकिरी पाणीही निरुपद्रवी नसते. ते सावकाश कुजते आणि कुजताना नदीतला प्राणवायू ओढून घेते. खारवणे, चुना, सल्फाइड या सुरुवातीच्या पायऱ्या कारखानदारी पद्धतीत दोन्हीकडे सारख्याच असतात. दोन्ही पद्धतींचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिशेब मांडणाऱ्या अभ्यासांत एक पद्धत सर्व बाबतींत सरस ठरत नाही. शिवाय तितका मऊ, हलका आणि पावसात टिकणारा बूट साल-हिरड्याने होत नाही.

'व्हीगन लेदर' या नावाने विकले जाणारे बरेचसे साहित्य म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर असतो. पूर्वी आपण त्याला सरळ रेक्झिन म्हणत होतो. प्राण्याचे कातडे वापरायचे नाही हा विचार आदराने घेण्यासारखा आहे. पण त्यामुळे ती वस्तू पर्यावरणाला आपोआप मानवते असे नाही.

कोल्हापुरीचे मोल मात्र वेगळ्या जागी आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या हातकामाला आणि त्या कमावण्याच्या रीतीला. क्रोमच्या चामड्याचे किंवा रेक्झिनचे पट्टे लावून तीच चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकली जाते तेव्हा ग्राहक फसतो आणि कारागिराचा घासही जातो.

ओळखायचे कसे, आणि भिजले तर?

आमच्या कोपऱ्यावरचे चर्मकार काका तुटलेला पट्टा हातात घेतला की आधी त्याची कड तिरपी कापतात. एकदा त्यांनी तो तुकडा उजेडात धरून मला दाखवला: "हे बघा, वरून तपकिरी आणि आत निळं. क्रोम आहे. ह्याला पाण्याचं भ्याव नाही." मग दुसरा तुकडा कापला, तो आरपार बदामी होता. कडेचा राखाडी-निळा रंग म्हणजे क्रोम, आरपार बदामी म्हणजे साल-हिरडा, हा ठोकताळा बराचसा लागू पडतो. चामडे आतपर्यंत रंगवलेले असेल तर मात्र फसायला होते. मग एक बारीक चिंधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे धरावी. साल-हिरड्याची चिंधी आखडून वळते आणि कडक होते, क्रोमची जवळपास तशीच राहते. जाळून पाहण्याची पद्धतही सांगितली जाते, पण ती करू नये. क्रोमचे चामडे जळताना राखेत क्रोम-६ तयार होऊ शकते. याच कारणाने जुने बूट आणि चामड्याची कात्रणे शेकोटीत किंवा चुलीत घालू नयेत.

कोल्हापुरी भिजलीच तर वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत, वाऱ्यावर सावकाश वाळू द्यावी. हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवली तर वरचा थर आधी आक्रसतो आणि चप्पल वळते. पूर्ण वाळल्यावर बोटाने थोडे थोडे तेल पाजावे आणि रात्रभर मुरू द्यावे. क्रोमच्या बुटाला इतके जपावे लागत नाही, पण तोही चुलीजवळ किंवा गाडीच्या काचेमागे तापत ठेवू नये. आत मुरवलेले तेल खवट झाले की चामडे कडकते, आणि मघाशी पाहिलेले ते रूपांतर तिथूनच सुरू होते.